खोडातलं पाणी

आमच्याकडे खानदेशात सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचं, वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, संपतं. जुना हिशेब त्या दिवशी मिटतो, घेतलेली उचल वळती होते, आणि पुढचं साल याच मालकाकडे धरायचं की दुसऱ्याकडे, तेही त्याच दिवशी ठरतं. लेकी माहेरी आलेल्या, लिंबाला झोके बांधलेले, घरात पितरांची घागर भरलेली आणि ओसरीवर दोन माणसं खालच्या आवाजात आकडा ठरवत बसलेली, ही माझ्या लहानपणची आखाजी. २०२३ साली ती २२ एप्रिलला होती. पुण्यातल्या नोकरीतला माझा शेवटचा दिवस त्याच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी होता. मी तारीख धरून राजीनामा दिला नव्हता. जानेवारीत दिलेल्या राजीनाम्याचे ९० दिवस मोजत मोजत तिथे येऊन थांबले. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने निघाले, सकाळी भुसावळला उतरले, आणि फैजपूर-यावल रस्त्यावरच्या आमच्या गावात पोचले तेव्हा आप्पा ओसरीवरच होते. माझ्या हातातल्या दोन बॅगा त्यांनी पाहिल्या.

"भरलं का तुझं साल?"

"भरलं, आप्पा."

"पुढचं कुठी धरलं?"

याचं उत्तर तेव्हा माझ्याकडे पूर्ण नव्हतं. दीड एकराच्या कोपऱ्यात पत्र्याचं शेड टाकायचं, केळीच्या खोडापासून धागा काढायचं यंत्र बसवायचं, उरलेल्या चोथ्याचं गांडूळखत करायचं, एवढं कागदावर तयार होतं. आप्पांना ते फोनवर दोनदा सांगून झालं होतं. तरी त्या सकाळी त्यांच्यासमोर उभं राहून "खोडाकडे धरलं" असं म्हणायला जीभ वळेना.

१४ वर्षं मी घरोघरी लागणाऱ्या वस्तू बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीत होते. सुरुवातीला पॅकिंगच्या सामानाची खरेदी केली: पाऊच, खोकी, प्लॅस्टिकची फिल्म. शेवटची तीन वर्षं सस्टेनेबिलिटी विभागात होते. सेबीने शेअर बाजारातल्या पहिल्या १००० कंपन्यांना २०२२-२३ पासून पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा जो अहवाल बंधनकारक केला, ज्याला सगळे बीआरएसआर म्हणतात, त्याचे आकडे गोळा करणं हे माझं काम. कुठल्या कारखान्यात किती प्लॅस्टिक, किती राख, किती सांडपाणी, किती टन कुठे गेलं. ते काम वाईट नव्हतं. नोकरी सोडणारी माणसं मागे वळून त्या नोकरीला शिव्या घालतात, ते मला पटत नाही. कचऱ्याला वजन असतं, आणि वजन एकदा लिहिलं गेलं की कुणाला तरी त्याचं उत्तर द्यावं लागतं, हे मी तिथेच शिकले. सलत होतं ते एवढंच, की मी लिहिलेल्या हजारो टनांपैकी एक किलोसुद्धा डोळ्यांनी पाहिला नव्हता. त्याला हात लावला नव्हता, त्याचा वास मला ठाऊक नव्हता.

आणि ज्याचा वास लहानपणापासून नाकात होता, ते कुठल्याच तक्त्यात नव्हतं.

केळीच्या भागात वाढलेल्या कुणालाही तो वास सांगावा लागणार नाही. घड कापून नेल्यावर खोडं तोडून बांधावर, नाल्यात, रस्त्याच्या कडेला टाकलेली असतात. आधी ओला, जरा तुरट वास येतो. आठ-दहा दिवसांनी सडका. पावसाळ्यात त्यावर चिलटं घोंगावतात, नाला तुंबतो. २०२१ च्या दिवाळीला घरी आले होते तेव्हा गावाबाहेरच्या नाल्यापाशी गाडी थांबवून मी नुसती बघत राहिले. पाच बाय पाच फुटांवर लावलेल्या केळीत एकरी साधारण १७४० झाडं बसतात. एका खोडाचं वजन सरासरी २८ किलो धरलं, आणि हे मी नंतर आमच्याच वजनकाट्यावर पुष्कळदा करून पाहिलं आहे, तर एकराला ४८ टनांच्या वर नुसतं खोड. महाराष्ट्रात सगळ्यात जास्त केळी आमच्या जळगाव जिल्ह्यात. २०१६ साली ‘जळगाव केळी’ला भौगोलिक मानांकन मिळालं. सावद्याहून, रावेरहून वॅगनी भरून दिल्लीकडे जाताना मी लहानपणापासून पाहिलेल्या. घडाचा भाव रोज जाहीर होतो: नवतीचा, म्हणजे नव्या लागणीचा वेगळा, पिलबागेचा, म्हणजे जुन्या झाडाच्या बुडाशी फुटलेल्या पिलांवर धरलेल्या बागेचा वेगळा, वापसीचा, म्हणजे हलक्या मालाचा वेगळा. खोडाचा कुठेच नाही. ते काढून फेकायचाच आमच्या भागात एकरी चार-पाच हजार खर्च येतो.

माझ्या आजीला मात्र खोड फेकण्याची वस्तू कधीच वाटली नाही. केळीचं खोड म्हणजे खरं तर खोड नसतंच. एकावर एक घट्ट गुंडाळलेली पानांची बुडं असतात ती. ती सुकली की त्यांचं सोपट होतं. आजी सोपट भिजवून त्याच्या चिंध्या काढायची आणि त्यांनी सगळं बांधायची. मेथीची जुडी, फुलांची माळ, वेलाचा मांडव, पापडाच्या लाट्यांची पुरचुंडी, सगळं. सुतळी विकत आणलेली मला आठवत नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं, की ते सोपट एवढं ओढून तुटत नाही ते आतल्या धाग्यामुळे. फिलिपिन्समध्ये केळीच्याच कुळातल्या अबाकाचा धागा काढतात, जपानच्या चलनी नोटांच्या कागदात तो असतो, हे मी वाचलं ते पुण्यातल्या डेस्कवर. वाचून झाल्यावर आजीची ओली बोटं आठवली, आणि त्या दिवशी कामात लक्ष लागलं नाही.

राजीनाम्याआधीचं वर्ष मी सुट्ट्या साठवून शिकण्यात घालवलं. जळगावहून सुरतेकडची गाडी धरून दोनदा नवसारीला गेले. तिथल्या कृषी विद्यापीठाने केळीच्या खोडावर अनेक वर्षं काम केलेलं आहे. धागा तर आहेच, पण खोडाच्या रसापासून द्रवरूप सेंद्रिय खत करून त्याचं पेटंटही घेतलं आहे. त्या प्रवासात नवापूर स्टेशन लागतं, अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. फलाटावरचा एक बाक दोन राज्यांत वाटलेला. परतताना गाडी तिथे थांबली, मी उतरून त्या बाकावर जरा वेळ बसले. पिशवीत पाव किलो धागा होता. सोनेरीसर पांढरा, हाताला अंबाडीपेक्षा मऊ. आमच्या नाल्यातल्या त्या सडक्या ढिगात हे आहे, यावर माझाच विश्वास बसत नव्हता.

कर्जाची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण ती सांगताना अजूनही जीव थकतो. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के आणि महिलांना ३५ टक्के अनुदान होतं. जिल्हा उद्योग केंद्राने अर्ज पुढे पाठवला. बँकेत तो पाच महिने पडून राहिला. खेपा घातल्या. यजमानांना घेऊन या, असं मला तीनदा सांगण्यात आलं. १४ वर्षं कोट्यवधींच्या खरेदीच्या ऑर्डरींवर सही केलेल्या बाईला ते ऐकून घेताना काय वाटलं ते मी लिहीत नाही. कर्ज शेवटी मिळालं.

यंत्र आलं श्रावणात. गावातल्या चार बाया कामाला आल्या. त्यातल्या सगळ्यात वयस्क, ज्यांना आम्ही सगळ्या जिजी म्हणतो, त्यांनी पहिल्याच दिवशी यंत्राभोवती एक फेरी मारली आणि मला विचारलं, "इतकं शिकीसन खोडाचा धंदा कायले करते वं माय?" मी म्हटलं, कचरा वाया जातो म्हणून. त्या म्हणाल्या, "कचरा नही तो. त्याच्यात पाणी आहे."

मला ते वाक्य तेव्हा कळलं नाही. कळायला सात महिने आणि बरेच पैसे गेले.

काम असं चालतं. खोडाचे उभे काप करायचे, एकेक सोपट सुटं करायचं, ते यंत्राच्या फिरत्या रुळात अर्ध्यापर्यंत घालायचं आणि मागे खेचायचं. मग उलटं करून दुसरी बाजू. रुळावरच्या पात्या गर खरवडून काढतात, हातात धाग्याची झुलपं उरतात. धुवायची, पिळायची, दोरीवर वाळवायची. बाहेरच्या सोपटाचा धागा जाड आणि राठ, आतल्याचा बारीक. खोड तोडल्यापासून दिवसभरात काढला तर धागा उजळ येतो, शिळ्या खोडाचा तपकिरी होतो. आणि केळीचा रस अंगावरच्या कपड्याला लागला की तो डाग जन्मात निघत नाही. पुण्याहून आणलेले माझे सगळे कुडते पहिल्या महिन्यात गेले. आता सगळ्याजणी जुन्या साड्यांचे झगे घालून काम करतो, त्यावर डागांवर डाग चढून सगळ्यांचे एकाच रंगाचे झाले आहेत.

चूक माझ्या आखणीत होती. मी कारखान्याच्या पद्धतीने विचार केला होता: कच्चा माल एका जागी आणायचा, तिथे प्रक्रिया करायची, पक्का माल बाहेर काढायचा. रोज एक ट्रॉली शेडवर यायची. ट्रॉलीत १०० खोडं. भरायला-उतरवायला आणि भाड्याला मिळून १८०० रुपये. बायांची मजुरी ९००. आणि २८०० किलोंच्या त्या ट्रॉलीतून संध्याकाळी दोरीवर वाळलेला धागा किती? १९ किलो. किलोला १३० च्या भावाने २४७० रुपये. वीज नाही धरली, बँकेचा हप्ता नाही धरला, तरी दिवसाला २३० रुपयांचा तोटा, आणि शेडसमोर अडीच टनांहून जास्त चोथा आणि रसाचं तळं. त्याचं गांडूळखत करायचं होतं, पण गांडुळं त्यांच्या गतीने खातात. आमच्या ट्रॉलीच्या गतीने नाही. एका पावसात तो ढीग शेजारच्या कापसात वाहून गेला. शेजारचे काका काही बोलले नाहीत, फक्त कुदळ घेऊन चर खणायला आले. ते न बोलणं मला फार लागलं. गावातला कचरा उचलायला निघालेली मी, कचरा एका शेतातून उचलून दुसऱ्याच्या शेतात नेऊन टाकत होते.

त्या रात्री जिजींचं वाक्य आठवलं. खोडात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी. मी रोज अडीच टन पाणी डिझेल जाळून वाहत होते. माझ्या धंद्याचं नाव हिरवं होतं आणि खर्चातला सगळ्यात मोठा आकडा ट्रॅक्टरचा.

मग यंत्रच ट्रॉलीवर चढवलं. फैजपूरच्या एका फॅब्रिकेशनवाल्या दादांनी लोखंडी सांगाडा करून दिला, यंत्र, छोटं जनरेटर, वर ताडपत्री. शेतीच्या लाइनीला वीज कधी दिवसा, कधी रात्री, म्हणून जनरेटर लागतंच. दिवसाला चारेकशेचं डिझेल जातं. पण आता आम्ही बागेत जातो. खोड तिथेच चिरायचं, धागा तिथेच काढायचा. चोथा तिथेच सरीत पसरायचा, रस तिथेच जिरू द्यायचा. शेडवर येतो तो फक्त पिळलेला धागा, मोटारसायकलच्या मागे बांधून नेता येईल एवढा. १८०० चे ४०० झाले आणि पहिल्यांदा हिशेबाच्या वहीत शिल्लक लिहिली.

शेतकऱ्याला याचं मोल माझ्या आधी कळलं. केळी हे पालाश, म्हणजे पोटॅश, मागणारं पीक, आणि जमिनीतून उचललेल्या पालाशाचा मोठा वाटा खोडात असतो. आपल्या देशात पालाश जवळजवळ सगळं बाहेरून येतं. २०२२ साली पोटॅशची ५० किलोची गोणी १७०० रुपयांपर्यंत गेली होती, तेव्हा आप्पांनी निम्म्याच गोण्या आणल्या होत्या. त्याच आप्पांनी आणि त्यांच्यासारख्या सगळ्यांनी वर्षानुवर्षं पालाशाने भरलेली खोडं नाल्यात टाकली, कारण काढून टाकण्यापलीकडे दुसरं काही करायला सवड आणि मजूर नव्हते. आम्ही नेतो तो धागा म्हणजे खोडाच्या वजनात शंभराला एक भागही नाही. बाकी सगळं ज्या जमिनीचं त्या जमिनीत राहतं. मी कंपनीच्या अहवालात ‘चक्रीय’ हा शब्द किती वेळा लिहिला असेल! त्याचा अर्थ मला यावलच्या एका बागेत, पायाखाली चोथ्याची गादी तुडवताना कळला.

आणखी एक गोष्ट मी पुस्तकातून शिकले नव्हते. सुरुवातीला मी कुठल्याही बागेत घड कापल्याबरोबर खोडं मागायचे. न्हावी गावाकडच्या एका म्हाताऱ्या बाबांनी मला थांबवलं. बागेत पील धरलेलं असेल तर मायझाड एकदम बुडातून काढू नकोस, म्हणाले. ते हळूहळू वाळतं तसं त्याचं सत्त्व पिलाला मिळतं. दूध पीत्या वासराची गाय सोडून नेशील का? तेव्हापासून नियम केला. पिलबाग धरायची असेल त्या नवतीतली खोडं आम्ही लगेच घेत नाही. जी बाग मोडायची आहे, तिथेच जातो. त्यामुळे वर्षातले काही आठवडे काम कमी पडतं. पडू दे.

आता जे लिहायचं आहे त्यासाठीच खरं तर हा लेख लिहायला बसले.

दुसऱ्या उन्हाळ्यात, मृगाच्या तोंडावर, वावधन, म्हणजे वादळी वारं, आलं. आमच्याकडे मे-जूनचं वारं सगळ्यांनाच ठाऊक आहे. दिवसभर ४४-४५ अंश तापतं, चारच्या सुमाराला सातपुड्याच्या बाजूने आभाळ काळं होतं, आणि अर्ध्या तासात होत्याचं नव्हतं. केळीचं झाड म्हणजे पाण्याने भरलेला खांब, त्यावर डोक्याशी २०-२५ किलोचा घड. मुळं उथळ. वारा शिरला की आख्ख्या ओळी एका दिशेने झोपतात. त्या दिवशी आमच्या शिवारात झोपल्या. महिन्याभरात कापायचे घड मातीत. हिरवा, कोवळा माल, व्यापारी हात लावत नाही असा.

संध्याकाळी मी आप्पांबरोबर बांधाबांधाने फिरले. कुणी रडत नव्हतं. माणसं आपापल्या बागेच्या कडेला नुसती उभी होती, मोबाइलमध्ये पंचनाम्यासाठी फोटो काढत होती. आणि त्या ओळींकडे बघताना माझ्या डोक्यात आकडा आला. या एका पट्ट्यात सहा-सात हजार खोडं. ताजी, कोवळी, आतल्या धाग्याची, फुकट.

तो आकडा आपोआप आला. १४ वर्षं जे डोकं मोजायला शिकलं ते त्या संध्याकाळीही मोजत होतं. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी आप्पांच्या मागे दोन पावलं राहून चालले, त्यांनी माझं तोंड बघू नये म्हणून. दुसऱ्याच्या घरची होळी झाली की माझ्या यंत्राला माल. असा धंदा मी मांडून बसले आहे, हे मला तोवर कधी सुचलंच नव्हतं. कोणाच्याच प्रकल्प अहवालात ते नसतं. कच्च्या मालाची उपलब्धता म्हणून एक रकाना असतो, त्यात मी ‘मुबलक’ लिहिलं होतं.

चार दिवस मी यंत्र बाहेर काढलं नाही. बायांनीही विचारलं नाही. त्यांच्यातल्या दोघींच्या भावकीच्या बागा गेल्या होत्या. पाचव्या दिवशी सकाळी तेच शेजारचे काका आले, ज्यांच्या कापसात माझा चोथा वाहिला होता. त्यांची पाऊण एकर केळी झोपली होती. ओसरीवर बसले. चहा झाला. बराच वेळ पावसाचं बोलणं झालं. मग म्हणाले, "तू येतच नही, तं म्या म्हटलं आपणच जावं. पंचनामा झाला. ते सडू लागलं. जून लागला, मले मृगबाग लावायची आहे. काढ बाई लवकर."

मी म्हटलं, "काका, मला मागायला नको वाटलं."

ते म्हणाले, "मागू नको. काढ."

आम्ही अकरा दिवस त्यांच्या आणि आजूबाजूच्या बागांत होतो. खोडाचे पैसे मी आजवर कुणाला दिले नव्हते, बाग साफ होते हाच मोबदला धरत आलो होतो. त्या अकरा दिवसांचे मी खोडामागे दोन रुपये ठरवले. काका रागावले, घेईनात. शेवटी काकूंच्या हातात दिले. दोन रुपयांनी काही भरून येत नाही हे मला कळतं. घडाला भाव होता तेव्हा एका झाडाचे तीनशेच्या वर झाले असते. पण त्या पट्ट्यात ज्या दिवशी काहीच विकलं जात नव्हतं त्या दिवशी काहीतरी विकलं गेलं, एवढं झालं. वावधनाच्या खोडाला पैसे द्यायचेच, हे तेव्हापासून आमच्या वहीत पहिल्या पानावर लिहिलेलं आहे. आप्पांच्या अक्षरात आहे ते.

आप्पा बदलले ते तिथून. त्याआधी ते शेडवर यायचे नाहीत. आता दुपारी येतात, धाग्याची जुडी उन्हात धरून बघतात, जाड-बारीक वेगळं करतात. त्यांनीच मला एकदा सांगितलं, की १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं, तेव्हा नंदलाल बोसांनी आख्खं नगर बांबू आणि चटयांसारख्या साध्या सामानातून उभं केलं होतं, आणि खादी-ग्रामोद्योगाचं प्रदर्शन भरलं होतं. आप्पांच्या वडिलांनी ते लहानपणी पाहिलेलं. "ते म्हनत, खेड्यातलंच सामान होतं सगळं, पन ओळखू येत नव्हतं," आप्पा म्हणाले. फैजपूर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. तिथून आठवड्याला बाजार आणते, आणि हे मला ४० वर्षं कुणी सांगितलं नव्हतं.

एक गोष्ट लपवली तर हा लेख खोटा ठरेल. माझे यजमान पुण्यात नोकरी करतात. मुलीची शाळा तिथेच, महिन्यातले दहा-बारा दिवस मी तिथे असते, आणि घरभाडं, शाळेची फी, आजारपण हे सगळं त्यांच्या पगारातून चालतं. माझ्या धंद्याने दोन वर्षांत बँकेचे हप्ते भरले, पाच जणींची मजुरी दिली आणि मला स्वतःला महिन्याला जे दिलं ते माझ्या जुन्या पगाराच्या दहाव्या भागाइतकंही नाही. नोकरी सोडून निसर्गाकडे वळलेल्यांच्या कहाण्या मी पुष्कळ वाचल्या. घर कोणाच्या पगारावर चाललं, हे त्यांत क्वचित सापडलं. गावातल्या एका पोराने मला विचारलं, ताई, मीपण कंपनी सोडून येऊ का? त्याच्या घरी दुसरा पगार नाही, बहिणीचं लग्न व्हायचं आहे. मी त्याला नको म्हटलं. सुट्टीत येऊन यंत्र चालवायला शीक, म्हटलं. तो येतो.

मुलगी मात्र दुखते. दर वेळी निघताना ती ट्रॅव्हल्सपर्यंत सोडायला येते आणि काही बोलत नाही. दिवाळीच्या सुट्टीत ती इथे होती, जिजींकडून सोपटाची वेणी घालायला शिकली. परत गेल्यावर शाळेच्या दप्तराला तीच वेणी बांधली, असं तिच्या बाबांनी फोनवर सांगितलं.

२०२५ साली आखाजी ३० एप्रिलला होती. सकाळी घागर पूजली, सांजोऱ्या झाल्या, खापरावरच्या पोळ्या आणि आमरस झाला. दुपारी जिजी आणि बाकीच्या चौघी ओसरीवर आल्या. सणाच्या साड्या, हातावर ताजी मेंदी, पण नखांच्या कडांना केळीचा तोच काळपट डाग. मला वाटलं सणाचं भेटायला आल्या. जिजी आप्पांना म्हणाल्या, "आप्पा, तुमी बसा मधी. आमाले साल धरायचं आहे."

बाईचं साल आमच्याकडे कधी धरलं जात नाही. साल पुरुषाचं. बाई रोजाने. पाऊस असेल तर रोज नाही, काम नसेल तर रोज नाही. मला आधी वाटलं त्या मजुरी वाढवून मागतील, आणि त्यासाठी आकडा मी मनात तयार ठेवला होता. त्यांना तो आकडा नको होता. बारा महिन्यांचं पक्कं हवं होतं: बाग मोडायला नसेल त्या आठवड्यांतही, पावसाच्या झडीतही. काम नसेल तेव्हा शेडमध्ये चटया विणू, गांडूळखत चाळू, तू काय सांगशील ते करू, पण आखाजी ते आखाजी.

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी आत जाऊन वही आणली. पाच जणींचे बारा महिने, हप्ता, डिझेल, वावधनाची खोडं. दोनदा बेरीज केली. गेल्या वर्षीच्या विक्रीत ती बसत नव्हती, थोडक्यासाठी बसत नव्हती. पुण्यातल्या एका पिशव्यावाल्यांची ऑर्डर जूनपासून सुरू व्हायची होती. ती आली तर बसेल.

जिजी पेन्सिलीकडे बघत होत्या. "उचल नको आमाले," त्या म्हणाल्या. "फक्त लिहीसन ठेव."

आप्पांनी पेन्सिल माझ्या हातातून घेतली, वहीचं नवं पान उघडलं, वर तारीख घातली, आणि विचारलं, "पहिलं नाव कोणाचं लिहू?"